गुलाबाईची खिरापत

इतिहासाच्या ग्रंथांत धरणगांवाचें नांव येतें तें वखारीच्या, लुटीच्या आणि पलटणीच्या निमित्तानें. १६७४ सालीं इंग्रज कंपनीनें येथें वखार घातली. दुसऱ्याच वर्षीं मराठ्यांच्या फौजेनें हें संपन्न गांव लुटलें. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या अमलाखालीं गेला आणि पुढें सात वर्षांनीं, म्हणजे १८२५ सालीं, औट्रम नांवाच्या तरुण लष्करी अंमलदारानें भिल्लांची पलटण उभारली. तिचें ठाणें धरणगांव हेंच होतें. वाङ्मयाच्या इतिहासांत हें गांव बालकवि ठोमरे यांचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे; त्यांचा जन्म येथें १३ ऑगस्ट १८९० रोजीं झाला. परंतु ह्याच गांवच्या पोरासोरांनीं त्या सगळ्या काळांत काय खाल्लें, तें कोणीं केलें आणि कोणाला दिलें, ह्याची नोंद कोणत्याही दफ्तरांत सांपडावयाची नाहीं. मुलांच्या खाऊलाही इतिहास असतो, ही कल्पनाच आपणांस नवी वाटते. तथापि जें कागदावर उतरलें नाहीं तें पुष्कळदां सणांत आणि खेळांत टिकून राहतें. खानदेशाच्या बाबतींत तें गुलाबाईच्या खिरापतींत टिकून राहिलें आहे, असें आम्हांस वाटतें.

देशावरच्या आमच्या वाचकांस हादगा किंवा भोंडला परिचित आहे. सूर्य हस्त नक्षत्रांत गेला म्हणजे पाटावर हत्ती काढून त्याभोंवतीं मुलींनीं फेर धरावयाचा, गाणीं म्हणावयाचीं, आणि पहिल्या दिवशीं एक, दुसऱ्या दिवशीं दोन अशा चढत्या क्रमानें खिरापती वाटावयाच्या, हा तिकडचा प्रघात. खानदेशांत व वऱ्हाडांत ह्याच जातीचा खेळ भाद्रपदी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे पुरा महिनाभर, चालतो. वऱ्हाडांत त्याला भुलाबाई म्हणतात. जळगांवाकडे गुलाबाई हें नांव अधिक ऐकूं येतें. शंकरपार्वतीच्या मातीच्या मूर्ति घरांत मांडतात आणि संध्याकाळीं आळींतल्या मुली एकेकीच्या घरीं जमून टिपऱ्यांच्या तालावर गाणीं म्हणतात. ह्या दैवताची कथा अशी सांगतात कीं, सारिपाटाच्या डावांत हरल्यामुळें शंकर रुसून निघून गेले, तेव्हां पार्वतीनें भिल्लिणीचें रूप घेऊन त्यांना भुलविलें. ज्या प्रांतांत भिल्लांची वस्ती एवढी मोठी, त्या प्रांताला ही कथा जवळची वाटावी हें स्वाभाविक आहे. मात्र तेवढ्यावरून ह्या सणाचा उगम अमुक काळीं व अमुक जातींत झाला, असा सिद्धांत बांधण्याचा मोह इतिहास लिहिणारानें आवरला पाहिजे.

गाणीं संपलीं म्हणजे खिरापतीची वेळ येते, आणि आमचें प्रयोजन तिच्याशींच आहे. ज्या घरीं त्या दिवशीं गुलाबाई असते, त्या घरची मुलगी झांकलेला डबा घेऊन येते. डबा उघडावयाचा नाहीं. आंत काय आहे तें इतर मुलींनीं ओळखावयाचें. डबा हलवून पाहावा, कान लावावा, वजनाचा अंदाज घ्यावा, गोड कीं तिखट हें विचारावें. फुटाणे खडखडतात, लाह्या सळसळतात, पोळी कुस्करून गूळतुपांत मळलेला मलिदा मुकाट्यानें एका बाजूस सरकतो, तिळाच्या वड्या एकमेकींवर आपटून टकटक वाजतात. दाणे आणि गूळ, मुरमुऱ्यांचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, काकडीच्या फोडी, केळ्याचे काप, असें जें घरांत आणि हंगामांत असेल तें डब्यांत पडतें. कोणी ओळखलें तर तिचा जय. कोणालाच ओळखतां आलें नाहीं तर डबेवालीचा जय. हरलें कोणीही, तरी वांटा सर्वांना सारखाच.

वरवर पाहतां हा पोरखेळ आहे. परंतु त्याच्या नियमांत मोठें शहाणपण भरलें आहे. डब्यांतलें गुपित फुटूं नये म्हणून तें घरांतच तयार व्हावें लागतें, आणि तें गुपित मुलीचें असल्यामुळें तिला स्वयंपाकघरांत शिरावें लागतें. चुलीपाशीं आई असे हें खरें. पण दाणे सोलणें, गूळ किसणें, पोळी कुस्करणें, तिळांतले खडे वेंचणें आणि विशेषतः आज काय करावें हें ठरविणें, ह्यांत मुलीचा हात व डोकें दोन्ही लागत. आई आणि आठ वर्षांची मुलगी ह्या दोघी एका कटांत सामील झाल्या आहेत, असा प्रसंग आपल्या जुन्या कुटुंबव्यवस्थेंत फार थोड्या वेळां येत असेल. दुसरें असें कीं, ह्या खेळांत किंमतीला किंमत नाहीं. पेढा महाग खरा. पण तो नेहमींचा म्हणून पहिल्या झटक्यासच ओळखला जाण्याचा संभव अधिक. उलट गरिबाघरची मुलगी भिजविलेल्या डाळींत कैरीच्या वाळलेल्या फोडी कालवून सगळ्यांना निरुत्तर करूं शकते. मोठेपणा मिळतो तो कल्पकतेला. आणि तिसरें, सर्वांत महत्त्वाचें: ह्या दिवशीं मूल हें खाणारें नसतें, देणारें असतें. एरव्हीं बारा महिने ज्याच्या हातावर मोठीं माणसें खाऊ ठेवतात, त्याच्या हातून आळीला खाऊ मिळतो. आजकाल ‘पदव्यांची खिरापत’ असा उपहासाचा प्रयोग आपण करतों आणि खिरापत म्हणजे वाटेल त्याला वाटेल तें देणें असा अर्थ घेतों. मूळ खिरापतीचा अर्थ ह्याच्या नेमका उलट आहे: थोडें, हातानें केलेलें, आणि सर्वांना समान.

गुलाबाई हा महिन्याचा सण. पण खानदेशांतल्या मुलाला खाऊच्या कामांत जागा होती ती वर्षभर. पौषांत दादर ज्वारीचीं कणसें दुधावर आलीं म्हणजे शेतांत आगटी पेटे. कणसें भाजणें मोठ्यांचें काम. पण गरम कणीस तळहातावर चोळून दाणे सोडविणें आणि फुंकर घालून तूस उडविणें हें मुलांचें. हुरडा कोणी कोणाला आयता देत नसे. ज्याचा तळहात भाजला त्याच्या तोंडीं पहिला घांस. संक्रांतीस तीळ भाजतांना ते तडतडूं लागले कीं सांगावयाचें, ही कामगिरी मुलाच्या कानांवर सोंपविलेली. उन्हाळ्यांत ज्वारीचे बिबडे घालावयाचे असले म्हणजे पहांटेसच घाटा शिजे, आणि धाब्यावर कापड पसरून बायका बिबडे थापीत असतां पोरें वाट्या घेऊन भोंवतीं बसत. वाटींतला ऊनऊन घाटा आणि वर तेलाची धार ही त्यांची मजुरी. दिवसभर कावळ्याचिमण्यांपासून वाळवण राखणें ही त्यांची चाकरी. खाऊ आणि काम ह्या दोन गोष्टी मुलाच्या लेखीं वेगळ्या नव्हत्या.

ह्या सर्वांचें प्रतिबिंब आपल्या छापील पाकशास्त्रांत पाहूं जावें तर निराशा होते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें; लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालीं. दुसऱ्या पुस्तकाच्या नांवांतच तें कोणाच्या हातीं पडावयाचें हें स्पष्ट आहे. स्वयंपाक हा गृहिणीचा विषय, मूल हा पंगतीचा विषय, अशी वांटणी सुशिक्षित घरांत पक्की होत चालली होती. गंमत अशी कीं, त्याच सुमारास पश्चिमेकडे वारा उलट वाहूं लागला होता. १९०७ सालीं मारिया माँटेसोरी यांनीं रोमच्या गरीब वस्तींत बालगृह उघडलें, आणि तेथें लहान मुलें स्वतः जेवणाचीं पानें मांडूं व वाढूं लागलीं हें पाहून जगाला नवल वाटलें. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हाताच्या उद्योगांतून शिक्षण हा विचार मांडला. १९३९ सालीं माँटेसोरीबाई स्वतः हिंदुस्थानांत आल्या. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें अनुताई वाघ यांच्या साह्यानें खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. महाग परदेशी साधनें बाजूस सारून त्यांनीं बिया, शिंपले, पानें, खडे हींच साधनें केलीं. हातानें काम केल्यानें मुलाची बुद्धि वाढते, हें जें ह्या थोर मंडळींनीं शास्त्र म्हणून सांगितलें, त्याचा एक लहानसा धडा धरणगांवच्या आळींत टिपऱ्यांच्या तालावर गिरविला जात होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

मग हें बदललें कसें? १९०० च्या सुमारास सुरतेहून तापीच्या खोऱ्यांतून येणारी आगगाडी अमळनेर, धरणगांव करीत जळगांवास मिळाली. त्याच वेळीं छप्पन्नाचा भयंकर दुष्काळ चालू होता, हें विसरतां येत नाहीं. त्या वर्षीं पुष्कळ घरांत खिरापतीच्या डब्यांत काय पडलें असेल ह्याची कल्पनाच करावी. गाडीमुळें खानदेशाचा कापूस व गळिताचीं धान्यें बाहेर जाऊं लागलीं आणि बाहेरचा तयार माल आंत येऊं लागला. १९२९ सालीं मुंबईजवळ विलेपार्ले येथें गोळ्यांचा कारखाना निघाला आणि दहाएक वर्षांनीं त्यांत बिस्किटें होऊं लागलीं. पुढचें सांगावयास नको. आज खेड्यांतल्या लहानशा दुकानाच्या दारांतही रंगीत पुड्यांच्या माळा लोंबतांना दिसतात.

ह्या पुड्यांवर साखरेचा, मिठाचा व तेलाचा आरोप वैद्य ठेवतात तो खराच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सुचविलें कीं, वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी शक्ति दिवसाच्या एकूण शक्तीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावी. पण आमची तक्रार आणखी एक आहे. पुड्यावर नांव छापलेलें असतें. ज्याच्या पाठीवरच आंत काय आहे तें लिहिलें आहे, तें ओळखावें काय? त्याचा आवाज सर्व गांवीं एक, वास एक, चव एक. असा पुडा डब्यांत घालून गुलाबाईपुढें ठेवला तर खेळच संपतो. मुलाच्या पोटाचें नुकसान डॉक्टर मोजूं शकेल. पण ‘मी केलें, तुम्ही ओळखा’ असें म्हणण्याचा त्याचा हक्क गेला, ही हानि कोणत्या तराजूंत मोजावी?

येथें कोणी म्हणेल कीं, आम्ही जुन्याचे पोवाडे गात आहों. तसें नाहीं. गुलाबाई मुलींची होती. मुलगे वांटा मागावयास येत, डबा भरावयास नव्हे. दाणे सोलण्याचें कौतुक पुढें कित्येक मुलींच्या गळ्यांत जन्माचें दळणकांडण होऊन पडलें, हेंही खरें. शिवाय घरचें तें सगळें पथ्याचें, ही समजूतही बरोबर नाहीं; होळीला मुलांच्या गळ्यांत पडणारे साखरेचे हारकडे घरोघर आवडीचे होते, आणि गूळ झाला तरी साखरेचाच भाऊ. तेव्हां जुनी रूढि जशीच्या तशी उचलावी असें आमचें म्हणणें नाहीं. तिच्यांतला नियम तेवढा घ्यावा, आणि तो मुलींप्रमाणेंच मुलग्यांसही लावावा.

साहित्याची वाण नाहीं. शेंगदाण्यांत वजनाच्या सुमारें चौथा हिस्सा प्रथिनें असतात. न सोललेल्या तिळांत हाडांस लागणारा चुना विपुल आहे. ज्वारीची थोरवी तर संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांच्या नांवें करून जगाला सांगितली. आणि केळें हें तर जळगांव जिल्ह्याचें घरचेंच फळ. चार वर्षांच्या मुलानें केळें कुस्करावें, लाह्या निवडाव्या. सहा वर्षांच्यानें शेंगा फोडाव्या, लाडू वळावे. दहा वर्षांच्यानें मोठ्यांच्या देखत दाणे भाजावे व कुटावे. पांच वर्षांखालच्या मुलांस अख्खे दाणे न देतां कूट द्यावें, कारण दाणा घशांत अडकण्याची भीति असते. आणि बुरसलेली शेंग दिसली तर ती खुशाल टाकून द्यावी. उकळता पाक मात्र कोणत्याही मुलाच्या हातीं देऊं नये. लाडू वांकडे होतील, कूट जमिनीवर सांडेल, गूळ अर्धा पोटांत जाईल. हें सर्व हिशेबांत धरूनच कामास लागावें.

येत्या भाद्रपदी पौर्णिमेस घरांत मूर्ति मांडली न मांडली, तरी एक डबा मुलांच्या हवालीं करण्यास हरकत नाहीं. आंत काय घालावयाचें तें त्यांनीं ठरवावें, त्यांनींच करावें, आणि शेजारच्या चार मुलांना बोलावून ओळखावयास लावावें. वडील मंडळींनींही डब्याला कान लावून पाहावा. आणि ओळखलें तरी लगेच सांगूं नये.