किनाऱ्यावर पथारी कुणी टाकायची?

 

दिवाळी सरली की आमच्या सिंधुदुर्गात रस्त्याकडेने पाठीवर भल्यामोठ्या सॅक लावलेली पोरं-पोरी दिसायला लागतात. पुण्या-बंगळूरची जास्त, अधूनमधून एखादा गोरा. कुणी गोव्याकडून वर येतंय, कुणी मुंबईकडून जंगलजेटीत बसत बसत खाली येतंय. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा खाड्या ओलांडत समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली उतरता येतं, हे आता त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. राहतात हॉस्टेलात. आमच्या पिढीला हॉस्टेल म्हटलं की समाजकल्याणचं वसतिगृह आणि तिथली पातळ डाळ आठवते. हे हॉस्टेल वेगळं. एका खोलीत सहा-आठ दुमजली पलंग, प्रत्येकाला एक पडदा, एक दिवा, एक प्लग. खोलीचं नाही, पलंगाचं भाडं.

गावात यावर दोन मतं आहेत. एक, ही नवी थेरं आहेत. दुसरं, चला, पैसा तरी येतोय. पैकी पहिलं साफ चुकीचं आहे. पाठीवर बोजा टाकून किनाऱ्याने जायचं आणि मिळेल तिथे पथारी टाकायची, हे कोकणाला मुळीच नवं नाही. प्रश्न कायम दुसराच होता. पथारी कुणाची चालेल?

आमच्याकडचा सगळ्यात नावाजलेला जुना भटक्या म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज झालेलं, मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल अशी खबर लागली आणि हा माणूस चुलत्यांबरोबर चालत निघाला, तेही 1857 साली. बंडाच्या ऐन धामधुमीत सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला, लुटला गेला आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतला. त्यांचं ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापून आलं. लोक ते झाशीच्या राणीसाठी वाचतात. मी ते राहण्या-जेवण्याच्या सोयीसाठी पुन्हा वाचलं. परमुलखात, युद्ध चाललेलं असताना या माणसाला ओसरी मिळते, जेवण मिळतं, ओळखीची माणसं मिळतात. कारण प्रत्येक शहरात मराठी ब्राह्मणांची घरं आहेत आणि त्या घरांना हा आपला वाटतो. गोडसे भटजींचं धाडस खोटं नव्हे. पण त्यांचं हॉस्टेलचं कार्ड म्हणजे त्यांची जात होती.

हे कार्ड ज्यांच्याकडे नव्हतं त्यांचं काय? पुढे धर्मशाळा वाढल्या, त्यातल्या कितीतरी सार्वजनिक पैशावर चालत. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. आपल्याला बोले ठराव आठवतो तो महाडच्या चवदार तळ्यामुळे. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये ठरावाला अनुसरून तळं खुलं केलं ते फक्त कागदावर, आणि 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी प्रत्यक्ष पाणी घेतलं. पण ठरावात पाणवठे आणि विहिरींच्या जोडीला धर्मशाळा हा शब्दही आहे. तो आपण विसरलो. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या धर्मशाळेत अस्पृश्यांना जागा द्या, हे 1923 साली ठराव करून सांगावं लागलं. म्हणजे तोवर काय चालत होतं ते निराळं सांगायला नको.

ठरावानेही लगेच काही होत नसतं. बोल्यांना 1926 मध्ये दुसरा ठराव आणावा लागला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला अंमलात आणणार नाहीत त्यांचं अनुदान बंद करा, असा. आणि मुक्काम नाकारणं म्हणजे काय असतं, हे खुद्द बाबासाहेबांइतकं कुणाला माहीत? न्यूयॉर्क-लंडनला शिकून आलेला हा माणूस बडोद्याला नोकरीवर रुजू झाला तेव्हा पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिला. रोजचा दर दीड रुपया. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

आता जरा किनाऱ्यावर येऊ. एसटी आणि रस्ते येण्याआधी कोकणचा चाकरमानी बोटीने ये-जा करायचा. मुंबईहून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. बहुतेक ठिकाणी धक्का नाही, बोट बाहेर उभी. मग पडावात उतरायचं आणि शेवटी खलाशाच्या खांद्यावरून किनाऱ्याला. माझी आजी सांगायची, बोट बंदराला लागायच्या आधी माणसांनाच बोट लागायची! डेकवर वळकटी पसरायची, शेजारी कोण हे बघायचं नाही, बघून उपयोगही नाही. डेक ही माझ्या मते कोकणातली पहिली डॉर्मिटरी. फार सोज्वळ चित्र नको काढायला. स्वस्त प्रवासाची किंमत माणसांनी मोजली आहे. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली तेव्हा सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबई-रेवस म्हणजे काही लांबचा पल्ला नव्हे.

याच डेकवर साठीच्या उत्तरार्धात एक नवा उतारू दिसायला लागला. हिप्पी. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि काही वर्षांतच युरोप-अमेरिकेतली पोरं इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत बसने-ट्रकने दिल्लीला आणि मग मुंबईहून ‘कोकण सेवक’सारख्या बोटीने पणजीला यायला लागली. आमच्या माणसांच्या शेजारी, त्याच डेकवर, त्याच स्वस्त तिकिटावर.

गोव्यात आधी कोळव्याला आणि मग हणजुण्याला त्यांचा तळ पडला. एट फिंगर एडी नावाने ओळखला जाणारा आर्मेनियन वंशाचा अमेरिकन त्यांच्यातला म्होरक्या. लोकांना फुकट सूप वाटायचा. तो 2010 मध्ये गोव्यातच वारला. या लोकांनी हॉटेलं बांधली नाहीत, गोव्याच्या लोकांनीही बांधली नाहीत. रांपणकार, रेंदेर, छोटे शेतकरी यांनी घरातली एक खोली रिकामी केली, स्वतः स्वयंपाकघरात सरकले आणि खोली भाड्याने दिली. विहीर सामायिक, संडास गोवा पद्धतीचा. (तो कसा असायचा ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. डुकरांचा संबंध येतो, एवढंच सांगतो.) यात अमली पदार्थ आले, उघडेवाघडे वावरणं आलं, गावाची चिडचिड आली. ते सगळं खरंच आहे. पण भाड्याचा पैसा थेट घरच्या बाईच्या हातात पडत होता, मध्ये कुणी नव्हतं. गोव्याच्या पर्यटनाचा इतिहास लिहिताना ही गोष्ट तळटीपेत ढकलली जाते, त्याचा मला राग येतो.

पुढचं भराभर सांगतो. 1973 मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने आशियाच्या स्वस्त प्रवासाचं पिना मारलेलं 94 पानी पुस्तक काढलं, त्यातून लोनली प्लॅनेट उभी राहिली. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाअखेर रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि जमिनीवरचा रस्ता बंद झाला. तोवर गोव्यात 1974 मध्ये आग्वादच्या किल्ल्यापाशी ताजचं हॉटेल उभं राहिलं होतं. ऐंशीच्या दशकात चार्टर विमानं उतरायला लागली. त्याविरुद्ध जागृत गोंयकारांची फौज रस्त्यावर उतरली. त्यांचा रोख पाठीवर पिशवी घेतलेल्या पोरांवर नव्हता. विहिरी उपसणाऱ्या, किनाऱ्यावर कुंपण घालणाऱ्या मोठ्या हॉटेलांवर होता. आमच्याकडे शिरोड्याच्या वेळागरला तारांकित हॉटेलसाठी जमीन संपादन झालं आणि त्यावरून ग्रामस्थांची लढाई वर्षानुवर्षं चालली, ती याच गोष्टीची पुढची आवृत्ती.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. एमटीडीसीची निवास-न्याहारी योजना आली आणि आपल्या लोकांनी घराला दोन खोल्या जोडल्या. माजघरातला माणूस पाहुण्याला सोलकढी वाढायला लागला. हे चांगलं झालं. फक्त फाटकावर हळूच एक पाटी लागली, ‘फक्त फॅमिलीसाठी’. चार मित्र, दोन मैत्रिणी, एकटी बाई, एकटा पुरुष, यांच्यासाठी खोली शिल्लक नाही. या फटीत हॉस्टेलं शिरली.

हॉस्टेल या कल्पनेचं मूळ बघण्यासारखं आहे. रिचर्ड शिरमान नावाचा जर्मन शाळामास्तर ऑगस्ट 1909 मध्ये पोरांना घेऊन पायी सहलीला निघाला, वादळात सापडला आणि एका गावच्या शाळेत गवतावर रात्र काढली. जागं राहून विचार केला की सुट्टीत सगळ्या शाळा रिकाम्याच असतात, तिथे पोरं का झोपू नयेत? 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल सुरू झालं. कारखान्याच्या गावातल्या गरीब पोरांनी चार दिवस उन्हात चालावं, एवढाच हेतू. पुढे नाझींनी ही हॉस्टेलं हिटलर युथच्या ताब्यात दिली आणि मास्तरला बाजूला केलं. आपल्याकडे हीच चळवळ यूथ हॉस्टेल असोसिएशनच्या रूपाने आली. तिच्या गोव्याच्या ट्रेकला जाऊन, तंबूत झोपून, शिट्टी वाजल्यावर उठून आलेले कितीतरी मराठी शिक्षक आणि बँकवाले हे वाचत असतील. स्वतःचं ताट स्वतः घासायचं, साहेब असो की शिपाई.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या हिवाळ्यात माझा भाचा आणि त्याचा मित्र, दोघंही विशी-बाविशीचे, घरापासून तीसेक किलोमीटरवरच्या एका हॉस्टेलात गेले. आगाऊ पैसे भरलेले. काउंटरवरच्या मुलाने आधार कार्ड बघितलं आणि म्हणाला, लोकल आयडी चालत नाही. पैसे परत केले, त्याबद्दल तक्रार नाही. दोघं रात्री एसटी स्टँडच्या बाकावर झोपले आणि पहाटेच्या गाडीने घरी आले. मी चौकशी केली. हा एकट्या त्या हॉस्टेलचा नियम नाही, देशभर बऱ्याच ठिकाणी आहे. तिथल्या व्यवस्थापकाने मला नीट बसवून सांगितलं, “दादा, लोकल पोरं राहायला येत नाहीत, दारू प्यायला येतात. मुलींना त्रास होतो. एक भानगड झाली की रिव्ह्यू गेला.”

त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आमच्या किनाऱ्यावर शनिवारी रात्री काय चालतं ते बातमीदार म्हणून मी बघतो, पंचनामेही बघतो. आठ जणांच्या खोलीत झोपलेल्या एकट्या मुलीला सुरक्षित वाटलं पाहिजे, यात वाद नाही. पण पुण्याहून आलेला पोरगा दारू पीत नाही, हे आधार कार्डावरच्या पिनकोडवरून कसं कळलं? जो गैर वागेल त्याला काढा, पोलिसांना बोलवा, अनामत जप्त करा. अख्ख्या तालुक्याला आधीच दोषी ठरवून मोकळं व्हायचं, हे सोयीचं आहे, न्यायाचं नाही.

कायद्याचं म्हणाल तर राज्यघटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येत नाही. एका वकील मित्राला विचारलं तर तो हसला. म्हणाला, जन्मस्थान आणि राहण्याचा पत्ता या वेगळ्या गोष्टी आहेत, ते लोक पत्त्यावरून अडवतात. म्हणजे फट इथेही आहेच.

दुसरीकडे गोव्यात सरकारला ‘दर्जेदार पर्यटक’ हवे आहेत. 2019 मध्ये कायदा बदलून उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या किंवा दारू पिणाऱ्या पर्यटकाला 2,000 रुपये आणि टोळक्याला 10,000 रुपये दंड ठेवला. कचरा आणि बाटल्या बघितल्या तर दंड समजतो. पण दारू पिणं आणि स्टोव्हवर भात शिजवणं एकाच वाक्यात बसवलं, तिथे मी अडखळतो. बोटीचंही तेच. 2018 मध्ये मुंबई-गोवा बोट परत आली ती क्रूझ होऊन, हजारो रुपयांच्या तिकिटाची. वळकटीवाल्यांचा डेक काही परत आला नाही.

रेवस ते रेडी सागरी महामार्ग आणि खाड्यांवरचे पूल झाले की या किनाऱ्यावर अजून शेकडो पलंग लागतील. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला मागितला जाईल. आमच्या ग्रामपंचायतीकडे मी दोन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. एक, दाखल्यात अट घाला की ‘लोकल’ म्हणून कुणाला पलंग नाकारायचा नाही. दोन, गावात पटसंख्येअभावी बंद पडलेल्या शाळेची इमारत रिकामी आहे, छप्पर शाबूत आहे, विहीर आहे. तिथे पंचायतीने किंवा महिला बचत गटाने वीस पलंगांचं साधं हॉस्टेल चालवावं. आपल्या पोरांना, बाहेरच्यांना, एकट्या बाईला, सगळ्यांना एकच दर.

सरपंच म्हणाले, “पोरं दंगा करतील.” मी म्हटलं, आपलीच आहेत, तुम्ही ओरडू शकता. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत विषय घेतो म्हणालेत. तारीख कळली की इथेच टाकतो. आपापल्या गावातली बंद शाळा कुणाला माहीत असेल तर फोटो पाठवा.