गृहशीतन व तापन, आगाशी परिसरातील
पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील आगाशी हे विरारच्या पश्चिमेस असलेले जुने बंदर. सोळाव्या शतकात ते जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होते. हा भाग १७३९ मध्ये मराठ्यांकडे आला. येथील हवामान उष्ण व दमट असून कडाक्याची थंडी नसते. त्यामुळे घर तापविण्याची व्यवस्था कधी करावीच लागली नाही. तापन म्हणजे चूल आणि न्हाणीघरातील तांब्याचा बंब एवढेच. चुलीच्या धुराने माळ्यावरचे वासे काळे पडत, पण त्यांना कीड कमी लागे. चूल गेली, तेव्हा हा लाभही गेला. बंबाची जागा विजेच्या गीझरने घेतली.

शीतनाचा भार मात्र घराच्या रचनेवरच होता. पुढची ओटी, पडवी, उतरते छप्पर, सारवलेली जमीन व भोवतालची वाडी यांनी ऊन भिंतीपर्यंत पोहोचत नसे. नळीच्या देशी कौलांतील फटींतून तापलेली हवा वर निघून जाई. बासेल मिशनचा मंगळूर येथील कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. तेथील खाचेची कौले पुढे कोकणात रूढ झाली. ती एकमेकांत घट्ट बसत. गळती कमी झाली, पण हवेच्या वाटाही अरुंद झाल्या.

सर्वांत मोठा बदल सिमेंटच्या सपाट छतामुळे झाला. असे छत दिवसभर उष्णता साठवून रात्री ती खोलीत सोडते, म्हणजे नेमकी झोपेच्या वेळी. नूतनीकरणात पडवी खोलीत सामावून घेतली व झरोके बुजविले, तर पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. विदर्भात वाळ्याच्या ताट्या व पाण्याचे कूलर उपयोगी पडतात, कारण तेथील उन्हाळी हवा कोरडी असते. दमट किनाऱ्यावर पाण्याचे बाष्पीभवन मंद होते व कूलर केवळ ओल वाढवितो.

म्हणून अखेर वातानुकूलन यंत्र येते. दीड टनी यंत्रास सु. दीड ते दोन किलोवॉट वीज लागते. जुन्या तारा हा भार पेलत नाहीत, म्हणून स्वतंत्र जोडणी करणे आवश्यक असते. या यंत्रांवर ऊर्जाक्षमतेचे तारांकन २००६ पासून ऐच्छिक व २०१० पासून सक्तीचे झाले. यंत्रासाठी खोली बंद ठेवावी लागते. ते चालू नसताना पावसाळ्यात अशा खोलीत भिंतींना बुरशी येते. तेव्हा झरोके बुजविण्याऐवजी त्यांना उघडझाप करता येणारी झडप बसविणे अधिक शहाणपणाचे.

वसई-विरार भागात गच्चीवर पत्र्याचे छप्पर घालण्याची रीत दिसते. ते घातले जाते गळतीसाठी, परंतु त्याच्या सावलीने खालचे छतही कमी तापते. मात्र मधली जागा चोहोबाजूंनी मोकळी ठेवावी लागते.