कढईतलं तेल आणि मुहतसिबची नजर

वापरलेल्या खाद्यतेलापासून घरगुती बायोडिझेल करण्याची कृती वाचताना माझं लक्ष आधी दोन शब्दांकडे गेलं. तेलात मिसळायचं ते अल्कोहोल आणि अल्कली. दोन्ही शब्दांचं मूळ अरबी. 'अल-कली' म्हणजे खाऱ्या मातीतल्या वनस्पतींची राख. 'अल-कुहल' म्हणजे सुरमा. युरोपात गेल्यावर त्याचा अर्थ बदलत मद्यार्कापर्यंत गेला.

पण म्हणून बायोडिझेल आपल्या पूर्वजांनी शोधलं, असं म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. पामतेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून इंधन बनवण्याचं पेटंट १९३७ मध्ये ब्रसेल्सच्या शाव्हान यांनी घेतलं.

आपला वारसा साबणाचा आहे. हलब आणि नाबुलसचे कारागीर ऑलिव्ह तेल आणि अल्कली शिजवून साबण करत. बायोडिझेलमध्ये मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा तेलातलं ग्लिसरीन सुटं करतात, आणि उरतं ते इंधन. मात्र पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात पाणी आणि मोकळी आम्लं वाढलेली असतात. मग इंधनाऐवजी साबण होतो. साबणवाल्याचं यश ते इथलं अपयश.

म्हणून आधी परीक्षा. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळायचं आणि त्यात कॉस्टिक सोड्याचं ०.१ टक्का द्रावण थेंब थेंब सोडायचं. सूचक म्हणून चिमूटभर हळदही चालते. ती लालसर झाली की थांबायचं. जितके मिली द्रावण लागलं, तितके ग्रॅम सोडा दर लिटरमागे नेहमीच्या ३.५ ग्रॅमच्या वर घालावा लागतो. तयार इंधनाचीही परीक्षा असते. ३ मिली इंधन २७ मिली मिथेनॉलमध्ये हलवायचं; तळाशी तेल बसलं तर काम अपुरं राहिलंय. मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील असतं, त्यामुळे हे काम स्वयंपाकघरातलं नव्हे.

ही तपासणीची वृत्ती आपल्या इतिहासातही आहे. बाजारावर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला मुहतसिब म्हणत. बाराव्या शतकात शाममधल्या शैजरींनी त्याच्यासाठी हिस्ब्याची पुस्तिका लिहिली. तिच्यात मासे तळणारे आणि जुलाबिया, म्हणजे आपल्या जिलेबीची मोठी बहीण, बनवणारे यांची वेगळी प्रकरणं आहेत. वजनमापाइतकंच कढईतल्या मालाकडे बघणं हे दीनी जबाबदारीचं काम मानलं जाई.

आज भारतात १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांपेक्षा जास्त असलेलं तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. असं तेल बायोडिझेलसाठी गोळा करण्याची योजनाही त्याच वर्षी आली. तरी रमजानात भजी-समोशांच्या गाड्यांवर काळपट तेलात नवं तेल ओतलं जाताना आपण बघतो आणि गप्प बसतो. रोजेदाराच्या पोटात काय जातंय, हा प्रश्न विचारायला आता मुहतसिब येणार नाही. मशिदीच्या कमिट्या आणि मोहल्ल्यातली मंडळं हे काम करू शकतात : इफ्तारच्या सामुदायिक कढईतलं तेल वेगळ्या डब्यात साठवायचं, ते गटारात ओतायचं नाही, स्वस्तात विकायचं नाही, बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांनाच द्यायचं. येत्या रमजानपासून एवढं तरी सुरू व्हावं.