केळ्याच्या आइस्क्रीमचा निवाडा

केळ्याचे आइस्क्रीम चांगले की वाईट, हे सांगायला पंडित लागत नाही. जीभ असली म्हणजे पुरे, असे आपण समजतो. परंतु या खटल्यात न्यायाधीशाचीच उलटतपासणी करावी लागते. पिवळेजर्द आइस्क्रीम तोंडात पडताच मुले "केळे!" म्हणून ओरडतात, आणि घरी खरे केळे कुस्करून केलेले फिकट आइस्क्रीम पुढे केले, तर "याला वासच नाही" म्हणून नाक मुरडतात. ही उलटापालट झाली कशी? त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

इंग्लंडात चॅट्सवर्थ येथे डेव्हनशायरच्या ड्यूकची हवेली आहे. घराण्याचे नाव कॅव्हेंडिश. १८२६ साली जोसेफ पॅक्स्टन नावाचा विशीतला तरुण तेथे मुख्य माळी म्हणून लागला. मॉरिशसहून आलेल्या केळीचे रोप त्याने काचघराच्या उबेत वाढविले, त्याला फळे आणली, आणि धन्याचे नाव त्या केळीला लाभले. आपल्या खानदेशातली बसराई याच कॅव्हेंडिश जातकुळीची. जळगावकडे हल्ली लावतात ती ग्रँड नैनही तीच.

काचघरे बांधता बांधता हा माळी एवढा निष्णात झाला, की १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी काचेचा प्रचंड 'क्रिस्टल पॅलेस' त्यानेच उभारला. आणि काय योगायोग पाहा! त्याच काचमहालात फळांचे कृत्रिम अर्क मांडले होते. ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान या रसायनशास्त्रज्ञाने ते तपासले. त्यांतला एक अर्क दारू गाळताना उरणाऱ्या दुर्गंधी तेलापासून केलेला होता. पण पातळ केला की त्याला पिकल्या नासपतीचा वास येई. शास्त्रात त्याचे नाव अमाइल ॲसिटेट. पुढे अमेरिकेत हाच अर्क केळ्याचा म्हणून खपला. म्हणजे इंग्रज मुलाला ज्या वासाने नासपती आठवे, त्याच वासाने अमेरिकन मुलाला केळे आठवे. वस्तू एक, साक्षीदार दोन, आणि दोघेही प्रामाणिक!

बरे, अर्क अगदीच लबाड म्हणावा, तर तेही नाही. हेच द्रव्य पिकल्या केळ्यात निसर्गतः असते. पण तेथे त्याच्या सोबतीला दुसरी कितीतरी गंधद्रव्ये असतात. अर्कात हा गवई एकटाच बसून गातो. गंमत अशी, की मधमाशी डंख मारताना बहिणींना जो गंधाचा इशारा देते, त्यातही हेच द्रव्य असल्याचे १९६२ साली सिद्ध झाले.

आता थंडीचा भाग पाहू. हाताने फिरवायच्या आइस्क्रीम-पॉटचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली घेतले. बर्फात मीठ घातले की गारवा शून्याखाली उतरतो, हे त्यातले मर्म. पण गारठ्याने जीभ बधिरते. गोडी आणि वास, दोन्ही मंदावतात. खरे केळे तर मुळातच सौम्य, शिवाय कापले की काळवंडणारे. म्हणून दुकानदार रंग ओततो आणि अर्क ओततो.

तेव्हा निवाडा करताना आधी रंग पाहावा. पिवळी असते ती साल. गर साईच्या रंगाचा असतो. मग घास लगेच गिळू नये, जिभेवर विरघळू द्यावा. अर्काचा वास धावत येतो आणि धावतच जातो. केळे सावकाश येते, दाटपणे बसते आणि मागे रेंगाळते.

या चवीच्या गोष्टीत एक गंभीर धडाही आहे. अमेरिकेने एके काळी आवडीने खाल्ले ते ग्रो मिशेल जातीचे केळे. केळीला बी नाही. मुनव्यांवर वाढणारा सारा मळा म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. पनामा रोगाची बुरशी मातीत शिरली आणि मळ्यांमागून मळे बसले. १९६० च्या दशकापर्यंत व्यापारातून ग्रो मिशेल गेले आणि त्याच्या जागी कॅव्हेंडिश आले. आता त्या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशवरही चालून आला आहे.

अर्काच्या बाटलीला बुरशी लागत नाही. म्हणूनच वेलची, राजेळी, लाल केळी यांची चव आपल्या मुलांच्या जिभेवर आजच बसायला हवी. ज्या फळाला ओळखणारी जीभ उरत नाही, त्याची बाग राखायला कोण धावणार? या दिवाळीत पॉट निघालाच, तर आधी प्रत्येकाच्या हातावर एकेक नुसते केळे ठेवा, आइस्क्रीम मागाहून.