ट्रॅकवरची पहिली गाडी: डुक्कर फियाटपासून मारुती एस्टीमपर्यंत

एक प्रश्न सारखा येतो. "दादा, रेसिंग करायचंय, बजेट कमी आहे, पहिली गाडी कोणती घेऊ?" आपल्या हिवरा आश्रमाजवळून, मेहकर तालुक्यातूनच समृद्धी महामार्ग जातो. त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय, ते मला कळतं. म्हणून आज उत्तर इतिहासातून शोधू.

सुरुवात मुंबईतून. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. पन्नाशीच्या दशकात तिथून फियाट 1100 बाहेर पडू लागली. गोलमटोल आकारामुळे लोकांनी तिचं नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. तिचीच पुढची पिढी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी.

त्याच काळात मद्रासजवळ शोलावरम इथे दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. गोंडलचे महाराज, विजय मल्ल्या अशी मंडळी परदेशी फॉर्म्युला गाड्या घेऊन उतरायची. पण आयात गाडी म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. मग हौशी माणूस काय पळवणार? जी देशात बनते ती. म्हणजे फियाट नाहीतर अ‍ॅम्बेसेडर. यात फियाट हलकी होती. इंजिन 1089 सीसीचं, अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसीचं. तरी वळणावर आणि ब्रेक मारताना हलकं वजन कामाला यायचं. शिवाय फियाट खोलून परत जोडणारा मिस्त्री गल्लोगल्ली होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

14 डिसेंबर 1983. मारुती 800 आली. 796 सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या चाकांना ताकद, वजन फक्त साडेसहाशे किलोच्या आसपास. घरच्यांसाठी बनवलेली गाडी रेसवाल्यांनी लगेच उचलली. पण खरी कमाल केली कोईमतूरच्या एस. करिवर्धन यांनी. त्यांनी 800 चं इंजिन काढून एका सीटच्या, उघड्या चाकांच्या हलक्या गाडीत बसवलं. ही फॉर्म्युला मारुती. पार्ट कुठल्याही दुकानात मिळणार, सगळ्यांचं इंजिन सारखंच, त्यामुळे पैशापेक्षा चालवणाऱ्याची किंमत जास्त. नारायण कार्तिकेयनच्या सुरुवातीच्या शर्यती याच गाडीत झाल्या, आणि 2005 मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. करिवर्धन यांचं 1995 मध्ये विमान अपघातात निधन झालं. कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा.

1994 मध्ये आली मारुती एस्टीम. 1298 सीसी, आणि त्याच घराण्याचं इंजिन पुढे जिप्सी किंगमध्येही. एस्टीम कित्येक वर्षं आपल्या सलून शर्यतींचा कणा होती. फॉर्म्युला एलजीबी 4 मध्येही मारुतीचंच 1300 सीसी इंजिन असतं.

आता तिन्ही पिढ्या शेजारी ठेवून बघा. फियाट, 800, एस्टीम. यातली एकही आपल्या काळातली सगळ्यात वेगवान गाडी नव्हती. तिन्ही हलक्या, पार्ट स्वस्त, आणि मिस्त्रीला तोंडपाठ. ट्रॅकवर गाडी मोडतेच. ती सोमवारी किती रुपयांत दुरुस्त होते, यावर तुमचा छंद टिकतो की नाही ते ठरतं. म्हणून आज जुनी गाडी बघताना टॉप स्पीड नंतर विचारा. आधी खालून गंज बघा, इंजिन तापतं का बघा, पार्ट मिळतात का विचारा. खर्चाचा क्रमही ठरलेला: आधी ब्रेक आणि टायर, मग सीट, बेल्ट, रोल केज, हेल्मेट. इंजिनची ताकद सगळ्यात शेवटी.

पण एक हिशोब गाडीच्या किमतीत दिसत नाही. चेन्नईचा ट्रॅक, कोईमतूरचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, तिन्ही आपल्यापासून रस्त्याने हजार किलोमीटरच्या पलीकडे. आतून मोकळी करून रोल केज ठोकलेली गाडी रस्त्यावर चालवत नेता येत नाही. ती लादून न्यावी लागते, आणि एका फेरीचं भाडं जुन्या 800 च्या किमतीशी स्पर्धा करतं.

इथे करिवर्धन यांची कल्पना परत उपयोगी पडते. सगळ्यांना सारखी गाडी, आणि ती ट्रॅकजवळच. रेसिंग स्कूलमध्ये फी भरून त्यांचीच गाडी चालवायची, लायसन्स काढायचं, दोन-तीन दिवसांत कळतं की हे आपल्याला झेपतं का. त्याआधी गो-कार्टवर हात बसवता येतो, तेही स्वस्तात. माझं मत विचाराल तर विदर्भातल्या पोरासाठी पहिली रेस कार ही भाड्याची असावी.

आणि समृद्धी? तिथे कारला 120 ची मर्यादा आहे. ट्रॅकवर चुकलात तर बाजूला मोकळी जागा असते, झेंडा दाखवणारा मार्शल असतो, अ‍ॅम्ब्युलन्स उभी असते. महामार्गावर चुकलात तर शेजारच्या लेनमध्ये कुणाचं तरी कुटुंब असतं. शोलावरमला जाणारे लोक फियाटमध्ये बसून दूरवर जायचे, ते उगाच नाही. पळवायची तर बंद जागेत, हे त्यांनी साठ वर्षांपूर्वीच ठरवलं होतं.

तुमच्या घरी फियाट किंवा 800 होती का? तिचा किस्सा व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया!