कृषिदिन : एका राजकीय स्मृतीचा विचार

महाराष्ट्रात १ जुलै हा दिवस शासकीय पातळीवर ‘कृषिदिन’ म्हणून पाळला जातो. वसंतराव नाईक यांचा जन्म याच तारखेस, १९१३ साली, पुसद तालुक्यातील गहुली येथे झाला. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ एवढा दीर्घ काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १८ ऑगस्ट १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. दिवंगत राजकीय नेत्याच्या स्मरणार्थ शासनाने दिवस नेमला, म्हणजे त्याच्या कार्यातील काय जतन होते व काय गळून पडते, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

अशा दिवसांत तारीख व्यक्तीची असते. नाव मात्र बहुधा व्यवसायाचे किंवा कार्याचे असते. पश्चिम बंगालचे दीर्घकाळचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्म (१८८२) आणि मृत्यू (१९६२) ही दोन्ही १ जुलैचीच. परंतु तो दिवस देशभर डॉक्टरांचा मानला जातो. चौधरी चरणसिंह यांची जन्मतारीख, २३ डिसेंबर, शेतकऱ्यांची झाली. नाईकांचे पुतणे व माजी मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांची पुण्यतिथी, १० मे, महाराष्ट्रात ‘जलसंधारण दिन’ ठरली. अशा नामकरणाने पक्षभेद मागे पडतो व सर्वांना दिवस पाळणे सुकर होते; पण त्याबरोबरच राजकारणही पुसले जाते.

नाईकांची राजकीय घडण विदर्भातली. नागपूरला कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी पुसदला वकिली केली. १९५२ साली, नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशात, ते उपमंत्री झाले. पुढे त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात संकरित बियाण्यांचा प्रसार झाला आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे कृषिविद्यापीठे उभी राहिली. हे यश एकट्या पुरुषाचे नव्हे. १९७२च्या दुष्काळात आधार ठरलेल्या रोजगार हमी योजनेमागील कल्पना वि. स. पागे यांची होती. नव्या शेतीला विजेचे पंप हवे होते, आणि वीज खापरखेड्यासारख्या केंद्रांत कोळशावर तयार होत होती. पागे काय किंवा खापरखेड्याचा कामगार काय, कृषिदिनाच्या नावात त्यांना स्थान नाही.

तथापि हा दिवस निरर्थक ठरत नाही. १ जुलै म्हणजे खरिपाच्या पेरणीची घाई. शेतकऱ्याला त्या वेळी सत्कारापेक्षा बियाणे, कर्ज व पाऊस यांची चिंता अधिक. ज्या यवतमाळ जिल्ह्याने नाईक दिले, तोच जिल्हा पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर चर्चिला गेला, ही विसंगती कोणत्याही गौरवपर भाषणाने झाकली जात नाही. जन्मतारखेला शेतीचे नाव देताना शासनाने नकळत स्वतःवर एक ऋण चढविले आहे. दरवर्षी त्या दिवशी नाईकांच्या धोरणांचा, त्यांच्या यशाबरोबर त्यांच्या मर्यादांचाही, हिशेब मांडला गेला तरच ते फिटेल. स्मृतिदिनाने आदर जपावा. निर्णय कोणी, का व कोणाच्या श्रमावर घेतले, हे सांगण्याचे काम इतिहासाचे आहे.