वेबसाईटचा भाव पानावर कुणी ठरवला?

आपल्या बार्शीत वेबसाईटचा भाव विचारला की समोरून उलटा प्रश्न येतो, "किती पानांची?" परवा व्यापाऱ्यांच्या एका ग्रुपवर यावरूनच जुंपली. एका पोरानं दुकानाच्या वेबसाईटचे 18 हजार सांगितले. लगेच दुसऱ्याचा मेसेज, "पाच पानांचे 18 हजार? आमच्या भाच्यानं चारात करून दिली." पोरगा गप्प बसला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही, पण भाव 'पानावर' असतो हे त्यानंही मनातून मान्यच केलेलं होतं.

हे पान आलं कुठून? माझ्या मते छापखान्यातून.

पत्रकारितेचा डिप्लोमा झाल्यावर माझी पहिली नोकरी एका साप्ताहिकात होती. साप्ताहिक नावाला, पोट भरायचं जॉबवर्कवर. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, पतसंस्थेचे वार्षिक अहवाल. तिथला हिशोब स्वच्छ होता. टायपिंग पानावर, छपाई हजारावर, कागद वेगळा, बाइंडिंग वेगळं. खिळे जुळवायचे दिवस संपून पेजमेकर आणि कोरल ड्रॉ आले, तरी हिशोबाचं माप पानच राहिलं. गिऱ्हाईकाला पान दिसतं, मोजता येतं, त्यामुळे भांडण कमी.

आता इंटरनेटकडे या. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमनं सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. वैयक्तिक खात्याचा दर 250 तासांना 5,000 रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत डॉट कॉम नाव फुकट मिळायचं, कारण खर्च अमेरिकी सरकारच्या विज्ञान संस्थेच्या पैशातून व्हायचा. मग नेटवर्क सोल्युशन्स कंपनीनं दोन वर्षांचे 100 डॉलर लावले, म्हणजे तेव्हाचे तीन-साडेतीन हजार रुपये. आज तेच नाव वर्षाला हजारेक रुपयांत मिळतं. थोडक्यात, तेव्हा नाव महाग होतं, जोडणी महाग होती आणि बनवणाऱ्याची मजुरी त्यात कुठंतरी विरघळून जायची.

शहरात मात्र वेगळीच हवा. नोव्हेंबर 1999 मध्ये सत्यम इन्फोवेनं मुंबईच्या राजेश जैन यांचं 'इंडियावर्ल्ड' 499 कोटींना घेतलं. काही संकेतस्थळांचे 499 कोटी! पेपरात ही बातमी वाचून कितीजणांनी वेबसाईट म्हणजे लॉटरी असं समजलं असेल. पुढच्याच वर्षी जगभरचा डॉट कॉमचा फुगा फुटला.

आपल्याकडे त्यानंतर वेबसाईटी आल्या आणि त्या केल्या कुणी? डीटीपीवाल्यांनीच. संगणक त्यांच्याकडे, स्कॅनर त्यांच्याकडे, डिझाइनची नजर त्यांच्याकडे. पेजमेकरच्या शेजारी मायक्रोसॉफ्टचं फ्रंटपेज आलं आणि दरपत्रकात एक ओळ वाढली. मी पाहिलेल्या एका कोटेशनमध्ये 'पाच पाने, पानाला 500' असं लिहिलेलं होतं, खाली फोटो स्कॅनिंगचे वेगळे आणि 'हलणारे नाव' असेल तर जादा. लग्नपत्रिकेचं कोटेशनही त्याच कागदावर, त्याच साच्यात निघायचं.

यात कुणाची लबाडी नव्हती. नवी वस्तू आली की आपण जुन्या मापानंच मोजतो, दुसरं माप हाताशी नसतं. पण पत्रिका छापून दिली की छापखान्याचं काम संपतं. लग्न झाल्यावर ती सांभाळायला कुणी येत नाही. वेबसाईटचं काम तिथून सुरू होतं. नाव दरवर्षी नव्यानं भरावं लागतं, होस्टिंगचे पैसे भरावे लागतात, फोन नंबर बदलतो, संचालक मंडळ बदलतं. आणि या कशाचंच 'पान' होत नाही.

मराठीत तर आणखी एक भानगड होती. श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे ज्याचे त्याचे फॉन्ट. एका फॉन्टमध्ये केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसायचा. मोठ्या दैनिकांच्या संकेतस्थळांवरही 'आधी फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना असायची. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, पण गावातल्या संगणकांवर विंडोज 98 ठाण मांडून बसलेलं. पुढं युनिकोड रुळलं तेव्हा जुना सगळा मजकूर बदलून घ्यायचा किंवा पुन्हा टाईप करायचा. त्याचे पैसे कोणी द्यायचे? गिऱ्हाईक म्हणायचं, "एकदा दिलेत की!" त्याच्या बाजूनं तेही खरंच होतं. बऱ्याच जागी ते काम झालंच नाही आणि त्या वेबसाईटी तशाच मेल्या.

खरं तर सांभाळण्याचा मोबदला वर्षावर द्यायचा, ही आपल्याला परकी गोष्ट नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'त (1915) बलुत्याचं तपशिलात वर्णन आहे. सुतार-लोहारानं वर्षभर औतं नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा न्यायचा. काम कितीदा निघालं हे कुणी मोजत नसे. आता कुणी म्हणेल, बघा, आपल्याकडे मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट आधीपासून होतं! जरा थांबा. ते काम जन्मानं गळ्यात पडायचं, सोडून जाता येत नव्हतं आणि ज्याची जात खालची ठरवलेली त्याच्या वाट्याला काम जास्त आणि मान-धान्य कमी. त्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की चालू ठेवण्याचं काम हेही काम आहे, ही समज गावाला होती. छापखान्याच्या मापात ती बसली नाही.

दरम्यान पानाला अर्थच उरला नाही. मे 2003 मध्ये वर्डप्रेस आलं. त्यात पान वाढवायला दोन मिनिटं लागतात. खरा वेळ जातो तो मजकूर जमवण्यात, मोबाईलवर नीट दिसेल असं करण्यात, पैसे भरायची सोय जोडण्यात, साईट कुणी हॅक केली तर सोडवण्यात. तरी प्रश्न तोच, "किती पानांची?"

त्याच सुमाराला भाव ठरवायची दुसरी रीत बाहेरून आली. 1999 मध्ये अमेरिकेत ईलान्स, काही वर्षांनी ओडेस्क. तिथं तासावर काम. ओडेस्कचं सॉफ्टवेअर दर दहा मिनिटांनी काम करणाऱ्याच्या स्क्रीनचा फोटो काढायचं, तो पुरावा आणि त्यावर पैसे. 2013 च्या अखेरीस दोन्ही कंपन्यांनी एक व्हायचं जाहीर केलं, 2015 मध्ये नाव पडलं अपवर्क. 2016 मध्ये त्यांनी एका गिऱ्हाइकाकडच्या पहिल्या 500 डॉलरांवर 20 टक्के कमिशन लावलं, तेव्हा पोरांनी शिव्या घातल्या. तरी सोडून गेले नाहीत. माझ्या ओळखीचा एकजण रात्री परदेशातल्या दुकानाचं काम तासावर करतो आणि दिवसा गावातल्या दुकानाचं पानावर. हात तेच, लॅपटॉप तोच.

मग फुकटाची लाट. 2011 मध्ये गूगलनं भारतातल्या छोट्या व्यावसायिकांसाठी पहिलं वर्ष फुकट वेबसाईटची मोहीम काढली. पुढं नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीसोबत एकपानी साईट फुकट मिळू लागली आणि मार्च 2024 मध्ये गूगलनं त्या सगळ्या बंद केल्या. ज्यांनी त्याच साईटचा पत्ता पाटीवर रंगवला होता, त्यांनी कुणाकडे तक्रार करायची?

चार हजारांच्या साईटचं पुढं काय होतं, याचं जवळचं उदाहरण देतो. नाव सांगत नाही. इथल्या एका शिक्षण संस्थेचं डोमेन ज्या पोरानं बनवलं त्याच्याच ईमेलवर नोंदलेलं होतं. पोरगा नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला. मुदत संपल्याची पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली. ऐन प्रवेशाच्या दिवसांत पालकांनी साईट उघडली तर तिथं भलत्याच जाहिराती. संस्थेनं पोराला दोष दिला. पोरगा म्हणाला, "पाच पानं ठरली होती, ती दिली." त्या कोटेशनवर सांभाळण्याची ओळच नव्हती, त्यामुळे दोघांनाही खोटं ठरवता येत नाही.

गंमत म्हणजे छापखान्याचं सगळंच चुकीचं नव्हतं. आमच्याकडे दोन प्रुफं दरात असायची, तिसऱ्यांदा मजकूर बदलला की पैसे वेगळे. वेबसाईटवाल्यांनी पान उचललं आणि नेमकं हे कलम विसरले. अलीकडे मात्र दोन-तीन पोरांची कोटेशनं मी पाहिली. त्यात चार ओळी आहेत: बनवण्याचे, डोमेन आणि होस्टिंग गिऱ्हाइकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर, वर्षाची देखभाल, आणि 'दोनदा बदल दरात, पुढे तासावर'. पानांचा आकडा कुठंच नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण देखभालीची ओळ वाचून निदान विचारतं तरी, "हे कशाचे?"

2000 ते 2010 मधली वेबसाईटची जुनी बिलं किंवा कोटेशनं कुणाच्या कपाटात असतील तर फोटो पाठवा, नाव-नंबर झाकून. आणि ज्यांच्या साईटी चालू आहेत त्यांनी डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे ते आजच बघून घ्या.